न्हाणीतून वाहून जाणारी ऊब
इयत्ता सहावी व सातवीच्या विज्ञानासाठी एक पाठ

पाठ्यपुस्तकात उष्णतेचा पाठ आला म्हणजे शिक्षक बहुधा लोखंडी सळई, मेणाचे थेंब आणि मेणबत्ती एवढ्या साहित्यावर भागवितात. तो प्रयोग चांगलाच आहे. परंतु उष्णतेचा सर्वांत मोठा व्यवहार आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी रोज सकाळी न्हाणीत होत असतो, आणि त्याकडे पाठ्यपुस्तकाचे लक्ष सहसा जात नाही. चुलीवर हंडा चढतो, सरपण जळते, पाणी तापते, विसण घालून ते अंगावर घेतले जाते आणि ऊब अंगात असतानाच मोरीवाटे परसात निघून जाते. त्या पाण्याबरोबर किती उष्णता गेली, आणि मळ जाऊ देऊन उष्णता तेवढी मागे ठेवता येईल काय, हे दोन प्रश्न प्रस्तुत पाठाचा विषय आहेत.

या विषयात गणित, विज्ञान आणि घरगुती काटकसर एकत्र येतात. शिवाय त्याचा शाळेशी आणखी एक जवळचा संबंध आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत स्वयंपाकासाठी गॅस आला. तथापि अंघोळीचे पाणी चुलीवरच तापविण्याचा प्रघात खेड्यापाड्यांतून अद्याप टिकून आहे. ते सरपण कोणी तरी आणते. पुष्कळदा ते आणणारी आई असते, आणि तिच्या मागोमाग लहान मोळी घेऊन चालणारी मुलगी आपल्या हजेरीपटावरची असते. तेव्हा सरपणाचा हिशेब हा काही अंशी आपल्या हजेरीचाही हिशेब आहे.

पाठाचे उद्देश

(१) उष्णता व उष्णतामान (तापमान) यांतील भेद स्पष्ट करणे. (२) दोन पाणी न मिसळताही एकाची उष्णता दुसऱ्यास देता येते, हे प्रयोगाने दाखविणे. (३) ही देवघेव कोणत्या क्रमाने घडवून आणावी यावर तिचे फळ अवलंबून असते, हे मुलांना स्वतः शोधू देणे. (४) घरातील सरपणाचा हिशेब करण्याची सवय लावणे.

यांपैकी तिसरा उद्देश हा पाठाचा गाभा होय. वेळ कमी पडल्यास इतर भाग थोडक्यात घ्यावेत. हा मात्र घाईने उरकू नये.

पूर्वज्ञान-जागृती

आरंभी मुलांना त्यांच्या घरच्या चुलीचे चित्र फळ्यावर काढावयास सांगावे. जिथे जुन्या पद्धतीची चूल असेल तेथील मुले मुख्य तोंडाशेजारी वैल दाखवतीलच. वैलासाठी वेगळे सरपण घालावे लागत नाही. मुख्य भांड्याखालून निसटलेल्या जाळावरच तेथील कालवण शिजते किंवा दूध ऊन राहते. "जी उष्णता वाया गेली असती तिला आणखी एक काम लावणे" ही कल्पना आपल्या आज्या-पणज्यांना नवी नव्हती, हे येथे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

त्यानंतर तांब्याच्या बंबाकडे वळावे. मधोमध उभी नळी, तीत निखारे, आणि नळीभोवती पाणी, अशी बंबाची रचना असते. निखाऱ्याचा पाण्याला स्पर्श होत नाही, राख पाण्यात पडत नाही. तरी पाणी तापते. का? कारण उष्णता तांब्याच्या भिंतीतून पलीकडे जाते, राख जाऊ शकत नाही. "भिंत उष्णतेला वाट देते, घाणीला देत नाही" हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. पुढील सर्व विवेचन याच वाक्यावर उभे आहे.

विषय-निवेदन : बादलीचा हिशेब

एक किलोग्रॅम पाण्याचे उष्णतामान एक सेल्सिअस अंशाने वाढविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलोग्रॅम पाणी. एवढे माहीत असले की हिशेब तोंडी होतो.

समजा, आडाचे पाणी २४ अंशांचे आहे व अंघोळीस ४० अंशांचे १५ लिटर पाणी लागते. वाढ १६ अंशांची; म्हणून उष्णता १५ × १६ = २४० किलोकॅलरी. अंगावरून ओघळताना पाणी काहीसे निवते. मोरीत पोचताना ते ३४ अंशांचे राहिले असे धरू. आडाच्या पाण्याहून ते अजून १० अंशांनी उष्ण आहे; म्हणजे १५ × १० = १५० किलोकॅलरी मोरीतून गेल्या. २४० पैकी १५०, अर्ध्याहून अधिक!

येथे मुले विचारतील की मोरीतले पाणी तर कोमट असते, त्यात एवढी उष्णता कशी? हा प्रश्न आला तर आनंद मानावा. पेटती काडी किती तरी अधिक तापलेली असते, पण तिने बादलीभर पाणी तापत नाही. उष्णतामान म्हणजे पदार्थ किती तापला आहे ते; उष्णता म्हणजे त्याच्या ठायी एकूण किती साठा आला ते. कोमट पाणी थोडे तापलेले असले तरी ते पुष्कळ असते. हा भेद अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक (१७२८–१७९९) यांनी स्पष्टपणे मांडला.

आता सरपण. चांगले वाळलेले एक किलोग्रॅम लाकूड जळाले असता सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता निघते. परंतु उघड्या, साध्या चुलीत तिचा दहावा हिस्साच भांड्यातील पाण्यास मिळाला असे हिशेबासाठी धरू. बाकीची धुराबरोबर व आजूबाजूस जाते. म्हणजे एका किलोग्रॅमामागे पाण्यास ४०० किलोकॅलरी मिळतात. त्यावरून एका अंघोळीस २४० ÷ ४०० = ०.६ किलोग्रॅम आणि पाच माणसांच्या घरास रोज ३ किलोग्रॅम सरपण लागेल. डोक्यावरची मोळी २० किलोग्रॅमची धरली तर ती आठवडाभरही पुरत नाही.

आणि मोरीतून जाते ती? पाच अंघोळींच्या ७५० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ १.९ किलोग्रॅम सरपण. यातील निम्मी उष्णता जरी परत मिळविली तरी तीन आठवड्यांत एक मोळी वाचते. ही एक फेरी कोणाची वाचते, हे मुलांनाच सांगू द्यावे.

विवेचन : प्रयोग

साहित्य : पातळ पत्र्याचे स्टीलचे दोन पेले, पेल्याच्या दीडपट रुंद तोंडाचे दोन डबे, ढवळण्यास काड्या, मापाचे भांडे, शून्य ते शंभर अंशांचा प्रयोगशाळेतील तापमापक, डब्यांभोवती गुंडाळण्यास जाड फडके. ताप पाहण्याचा वैद्यकीय तापमापक या कामी वापरू नये. त्याची मोजपट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते आणि अधिक गरम पाण्यात तो निकामी होतो. काचेचा असल्यास फुटण्याचाही संभव असतो.

पेल्यात गरम व डब्यात थंड पाणी घ्यावे. दोन्ही प्रत्येकी २०० मिलिलिटर असावे. थंड पाणी २४ अंशांचे असेल तर गरम पाणी ४८ अंशांचे घ्यावे. थंड पाणी २६ अंशांचे असेल तर गरम ५० अंशांचे; अंतर २४ अंशांचे ठेवावे म्हणजे आकडे सोपे येतात. गरम पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे.

पहिला प्रयोग. गरम पाण्याचा पेला थंड पाण्याच्या डब्यात ठेवून दोन्ही पाणी पाच मिनिटे हळूहळू ढवळावे. मग उष्णतामान पाहावे. दोन्ही पाणी मधल्या आकड्यावर, ३६ अंशांच्या आसपास, येऊन थांबलेली दिसतील. आणखी पाच मिनिटे ढवळले तरी डब्यातील पाणी पुढे चढणार नाही. प्रत्यक्ष आकडा ३६ पेक्षा काहीसा कमी येईल. कारण थोडी उष्णता हवेने आणि थोडी भांड्यांच्या धातूने घेतलेली असते. हा कमीपणा लपवू नये. "ती उष्णता कोठे गेली?" असे विचारून मुलांकडूनच उत्तर काढावे.

आता वर्गास विचारावे, "गरम पाणी तेवढेच, थंड पाणी तेवढेच. थंड पाण्याला ३६ अंशांच्या वर नेता येईल काय? मिसळायचे नाही, नवा जाळ घालायचा नाही." बहुतेक मुले 'नाही' म्हणतील. दोघांची उष्णतामाने सारखी झाल्यावर देवघेव थांबते, हा त्यांचा युक्तिवाद बरोबरही आहे. त्यांना दोष न देता दुसऱ्या प्रयोगाकडे वळावे.

दुसरा प्रयोग. या वेळी गरम पाण्याचे दोन पेले, 'अ' आणि 'आ', व थंड पाण्याचे दोन डबे, 'क' आणि 'ख', घ्यावेत. प्रत्येकात पाणी २०० मिलिलिटरच. 'आ' पेला त्याची पाळी येईल तेव्हाच ४८ अंशांच्या पाण्याने भरावा. आधी भरून ठेवल्यास तो निवून जाईल. प्रत्येक भेट पाच मिनिटांची. भेटींचा क्रम असा :

पहिली भेट. 'अ' (४८) 'क' (२४) मध्ये ठेवावा. दोन्ही ३६ होतात.
दुसरी भेट. तोच 'अ' (३६) उचलून 'ख' (२४) मध्ये ठेवावा. दोन्ही ३० होतात.
तिसरी भेट. ताजा 'आ' (४८) 'क' (३६) मध्ये ठेवावा. दोन्ही ४२ होतात.
चौथी भेट. 'आ' (४२) उचलून 'ख' (३०) मध्ये ठेवावा. दोन्ही ३६ होतात.

शेवटी थंड पाण्याचे डबे ४२ व ३६ अंशांवर आले, सरासरी ३९. गरम पाण्याचे पेले ३० व ३६ अंशांवर उतरले, सरासरी ३३. जे थंड होते ते आता गरम पाण्याहूनही ऊन झाले! पहिल्या प्रयोगात थंड पाण्यास १२ अंश मिळाले होते, या वेळी सरासरी १५ मिळाले. वर दिलेले आकडे उष्णता मुळीच वाया गेली नाही असे धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात ते थोडे खाली येतील, पण थंड पाण्याची सरसी नीट ढवळल्यास दिसून येईलच.

यावर दोन पडताळे घ्यावेत. पहिला, जमाखर्चाचा : थंड डब्यांनी १८ व १२ मिळून ३० अंश मिळविले, पेल्यांनी १८ व १२ मिळून ३० अंश गमावले. जमा आणि खर्च सारखेच. उष्णता कोठूनही नवी आली नाही. दुसरा, क्रमाचा : 'अ' फक्त 'क' ला व 'आ' फक्त 'ख' ला भेटविला असता तर काय झाले असते? चारही भांडी ३६ वर थांबली असती. भांडी तीच, पाणी तेच, उष्णता तीच. फरक एवढाच की कोण कोणाला केव्हा भेटले.

तुलना व सामान्यीकरण

आता मुलांनी क्रमाचे रहस्य शोधावे. त्यांना विचारावे, "सर्वांत गरम पाण्याची गाठ कोणाशी घातली?" जे आधीच ऊन झाले होते त्या 'क'शी. "आणि निवत आलेल्या पाण्याची?" जे अजून थंड होते त्या 'ख'शी. म्हणजे दोन्ही प्रवाह जणू परस्परांच्या विरुद्ध दिशेने चालले. निवणाऱ्या पाण्याला शेवटपर्यंत आपल्याहून थंड असा सोबती मिळत राहिला, आणि तापणाऱ्या पाण्याला शेवटपर्यंत आपल्याहून गरम असा. देवघेव थांबण्याची वेळच लवकर आली नाही.

हुशार मुलांना घरी तीन पेले व तीन डबे धरून कागदावर हिशेब करावयास सांगावा. थंड पाण्याची सरासरी ४०.५ अंश येईल. भाग जसजसे वाढवावेत तसतशी ती चढत जाते. भाग असंख्य केले म्हणजे ते पेले न राहता वाहते पाणीच होते : एका नळीतून गरम पाणी खाली येत आहे, तिच्या बाहेरून थंड पाणी वर चढत आहे, मध्ये धातूची भिंत आहे. या योजनेस प्रतिप्रवाह म्हणता येईल.

निसर्गातही ही योजना आढळते. हिवाळ्यात जायकवाडीच्या जलाशयावर पट्टकादंब हंस येतात. थंड पाण्यात उभ्या राहणाऱ्या अशा पाणपक्ष्यांच्या पायांत खाली जाणाऱ्या व वर येणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना लगटून असतात. खाली जाणारे ऊन रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या थंड रक्तास देऊन टाकते. पाय थंड राहतात, पण अंगातील ऊब पाण्यात वाहून जात नाही.

थंड देशांतील घरांतून हेच तत्त्व सांडपाण्यास लावण्यात आले आहे. तेथे अंघोळ तुषारस्नानाची. पाणी वरून पडत असते व त्याच क्षणी खालून वाहून जात असते. त्या सांडपाण्याच्या वाटेत तांब्याची एक उभी नळी बसवितात आणि तिच्याभोवती तांब्याच्याच बारीक नळीचे वेढे देतात. आतून सांडपाणी उतरते, वेढ्यांतून नळाचे थंड पाणी चढते व कोमट होऊन पुढे जाते. नळी उभीच का असते, हा विचार करावयास लावणारा प्रश्न आहे. आडव्या नळीत पाणी फक्त तळाशी वाहते. उभ्या नळीत ते पातळ पापुद्र्यासारखे सर्व भिंतीला चिकटून उतरते आणि संपूर्ण भिंत कामास येते. अशा नळीने सांडपाण्यातील उष्णतेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग परत मिळू शकतो. तिला हलणारा भाग नसतो व वीजही लागत नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २०१७ मध्ये नव्या घरांच्या बांधकाम-नियमांत या साधनाचा अंतर्भाव केला. त्याच देशातील व्हँकूव्हर शहरात २०१० पासून एका संपूर्ण वस्तीच्या गटाराच्या पाण्यातील उष्णता यंत्राने उपसून तीच घरे उबदार ठेवण्यासाठी वापरली जात आहे.

उपयोजन : आपल्या न्हाणीत काय करता येईल?

येथे शिक्षकांनी फार सावधपणे बोलावे. परदेशी साधनाचे वर्णन ऐकून मुले लगेच तांब्याची नळी मागतील. परंतु आपली अंघोळ बादलीची आहे. पाणी आधी तापते, मग बादलीत येते, मग मोरीत जाते. मोरीत ऊन पाणी वाहत असते त्या वेळी हंड्यात थंड पाणी चढत नसते. दोन्ही प्रवाह एका वेळी नसतील तर ती नळी निरुपयोगी ठरते. एखादे साधन चांगले असणे आणि ते आपल्या रीतीला जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडाही विज्ञानाचाच होय.

तथापि एकामागून एक पाच जण अंघोळ करतात त्या घरी पहिल्याच्या सांडपाण्याची ऊब दुसऱ्याच्या पाण्यास देता येते. मोरीबाहेर लहानसा हौद करून सांडपाणी त्यात थांबवावे, आणि त्यात पुढच्या अंघोळीच्या पाण्याची झाकण घातलेली कळशी मानेपर्यंत बुडवून ठेवावी. पुढची अंघोळ सुरू होण्यापूर्वी ती काढून हंड्यात ओतावी. हा आपला पहिला प्रयोगच झाला. लाभ निम्म्याहून कमीच मिळेल. पण जे पाणी चुलीवर २४ अंशांवरून चढायचे ते २७–२८ अंशांवरून चढू लागेल.

असा प्रयोग कोणी केल्यास तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. कळशीतील पाणी पिण्यास अथवा स्वयंपाकास मुळीच वापरू नये. कळशी बाहेरून धुतल्याशिवाय हंड्यावर कलंडू नये. आणि हौद रोज पूर्ण रिकामा करून घासावा. साबणाचा थर धातूवर बसला की उष्णतेची वाट अडते, आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. सरपण वाचवून हिवताप विकत घेणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

याहून सोपे उपाय आधी करावेत, हेही मुलांना सांगावे. हंड्यावर झाकण ठेवणे, बुडाची काजळी खरवडणे, सरपण पुरते वाळवून मगच जाळणे, आणि कडक उन्हाच्या दिवसांत काळ्या रंगाच्या भांड्यात पाणी अंगणात तापत ठेवणे, यांना काही खर्च नाही. जी उष्णता वाया गेलीच नाही ती परत मिळविण्याचे श्रमही पडत नाहीत.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी अंघोळीस रोज किती लिटर पाणी तापते? ते किती अंशांनी तापते असे धरून किलोकॅलरीत उष्णता काढा.
२. घरची एक मोळी किती दिवस पुरते, हे पंधरा दिवस टिपून ठेवा. ती कोणी आणली, जाऊन येण्यास किती वेळ लागला, तेही लिहा.
३. बंब तांब्याचा का करतात? मातीच्या मडक्याचा बंब केला तर काय होईल?
४. दुसऱ्या प्रयोगात 'आ' पेला प्रथम 'ख' मध्ये व नंतर 'क' मध्ये ठेवला तर चौघांची शेवटची उष्णतामाने काय येतील?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी आधी स्वतः काढून पाहावे. 'आ' व 'ख' ३९ वर येतात. मग 'आ' (३९) व 'क' (३६) दोन्ही ३७.५ होतात. थंड पाण्याची सरासरी ३८.२५ येते, ३९ नव्हे. क्रम बिघडताच पाऊण अंश हातचा गेला.

दुसऱ्या स्वाध्यायाच्या वह्या तपासताना मात्र केवळ बेरीज-भागाकार तपासून थांबू नये. "मोळी कोणी आणली" या रकान्यात वर्गातील किती मुलींनी स्वतःचे नाव लिहिले आहे, आणि त्या दिवशी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे काय आहे, हे ताडून पाहावे. पुढील पालकसभेत उष्णतेचा हा हिशेब मुलांकडूनच पालकांपुढे मांडावयास लावावा. झाकण, वाळके सरपण व काजळी यांची गोष्ट शिक्षकाने सांगितली तर उपदेश वाटते. आपल्याच मुलीने फळ्यावर आकडे मांडून सांगितली म्हणजे ती घरात शिरते.